तेवीस नंबरची पेटी

९ ऑक्टोबर, मंगळवार

निघताना आईने ही वही पिशवीत कोंबली. म्हणाली, माणसांशी बोलत नाहीस, निदान कागदाशी बोल. तर बोलते.

युनोतानीला दुपारी पोचले. दरी नेहमीसारखीच वाफेत. कापणी झालेल्या भातशेतांतून, गटारांच्या फटींतून, न्हाणीच्या छपरातून, जिथून जमेल तिथून वाफ वर येते. संध्याकाळी डोंगरावरून धुकं खाली उतरतं आणि कुठे वाफ संपली, कुठे धुकं सुरू झालं, काही कळत नाही. मला इथे आलं की अर्धवट झोपेत असल्यासारखं वाटतं. कामाला हे चांगलं नाही, पण वाटतं खरं.

कंपनीने एकच बोअर मंजूर केलाय. अडीचशे मीटर. जागा मी ठरवायची, पंचवीस तारखेपर्यंत. सोन्याची शीर लागली तर ठीक. नाही लागली तर युनोतानीचं काम कायमचं बंद, आणि मी फुकुओकाच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या नकाशांत रंग भरत बसणार. कुवाहारासाहेब फोनवर म्हणाले, "सुमिए-सान, तुमचा हट्ट म्हणून देतोय. चुकलं तर तुमच्या बाजूने बोलायला मी नाही." माणूस स्पष्ट आहे, तेवढं बरं.

उतरलेय इनेआजींच्या सराईत. चार खोल्या, एक गरम पाण्याचं टाकं, आणि आजी. वय शहात्तर. मला बघून म्हणाल्या, "आलीस? अजून लग्न नाही?" मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग जेवून घे."

११ ऑक्टोबर, गुरुवार

आजचा दिवस नमुन्यांच्या शेडमध्ये गेला. ड्रिलच्या नळीतून खडकाचे जे लांबट दांडे वर येतात, ते लाकडी पेट्यांत लावून ठेवतात. एका पेटीत पाच खण, खणात एक मीटर. शोवा २९ साली, म्हणजे बरोब्बर तीस वर्षांपूर्वी, इथे पाच बोअर मारले होते. त्या सगळ्या पेट्या आहेत. उंदरांनी लेबलं खाल्ली आहेत, दगड कोण खाणार.

चौथा बोअर एकशे दहा मीटरवर शिरेत शिरला. शीर उभट, बोअर उभा, त्यामुळे चार मीटर तो शिरेच्या पोटातूनच घसरत गेला आणि बाहेर पडला. ते चार मीटर तेवीस नंबरच्या पेटीत आहेत. पांढरं गारेचं अंग, चिनी मातीच्या वाडग्यासारखं, आणि त्यात काळपट पट्टे. इथले खाणकामगार त्या पट्ट्यांना गिनगुरो म्हणतात, चांदीकाळं. सोनं त्यातच असतं, पण डोळ्यांना दिसतं ते काळंच.

पट्टे सुरुवातीला बोटभर जाड आहेत, पुढे पुढे बारीक होत शेवटी नुसता कोरा पांढरा दगड. तेव्हाच्या भूशास्त्रज्ञांनी वहीत लिहिलंय: "सोनं वर होतं, खाली मरत जातं. हे शिरेचं मूळ. वरचं पावसाने धुऊन नेलं. खाली जाण्यात अर्थ नाही." म्हणून त्यांनी पाचवा बोअर डोंगरावर चढून, उथळ मारला. कोरडा. मग गाशा गुंडाळला.

पेटीच्या कडेला नाव आहे: मांडणी, मुराओ तोकुजी. म्हणजे आजींचे यजमान. ते जाऊनही आता एकवीस वर्षं झाली.

ड्रिलवरचे सामेशिमा-सान पंचावन्न वर्षांचे आहेत, तेव्हाही याच ड्रिलवर होते. म्हणाले, "बाईसाहेब, डोंगराच्या देवीला बाया आवडत नाहीत. स्वतः दिसायला ओबडधोबड ना, जळते. तुम्ही शेडमध्ये येताना तोंडाला काजळी फासत जा." मी म्हटलं, मला बघून ती जळणार असेल तर तिची नजर तपासायला हवी. ते हसले, पण ड्रिलजवळ मला उभं राहू दिलं नाही.

१३ ऑक्टोबर, शनिवार

अंधार पडायच्या आधी टाक्यात उतरले. पाण्याला कुजक्या अंड्याचा मंद वास. पन्हळीच्या तोंडाशी पांढरी खरपुडी धरलीय, ती आजी वर्षातून एकदा छिन्नीने फोडतात. मला हसू आलं. मी ज्यासाठी डोंगर पोखरतेय ते इथे रोज थोडं थोडं तयार होतंय आणि आजी ते खरवडून केरात टाकतात.

गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की सगळं समोर दिसतं. दहा लाख वर्षांपूर्वीचा पाऊस. तो मुरतो, भेगांतून खाली, आणखी खाली, जिथे खडक अजून तापलेला आहे. तिथे पाणी इतकं तापतं की दगडातलं सोनंसुद्धा सोडवून घेतं. सोनं एकटं पाण्यात राहत नाही, त्याला गंधकाची सोबत लागते. गंधकाचा हात धरून ते वर निघतं. इतकं थोडं, की अशी कित्येक टाकी आटवली तर कुठे तिळाएवढं मिळेल. वर येता येता दाब कमी होतो आणि पाणी एकाएकी उकळतं. गंधक वाफेबरोबर निघून जातो. सोन्याची सोबत सुटते, आणि ते जिथल्या तिथे खाली बसतं. एक काळी रेघ. मग भेग बुजते, भूकंप होतो, भेग उघडते, पुन्हा पाणी, पुन्हा उकळी, पुन्हा रेघ. हजारो वर्षं.

सोबत सुटली की माणूस जिथल्या तिथे बसतं, हे मला पाण्यात बसल्या बसल्या फार खरं वाटलं. बाहेर आल्यावर जरा भाबडं वाटलं.

१४ ऑक्टोबर, रविवार

सुट्टी. आजींबरोबर तुरट पर्सिमनं सोलली. त्या दोऱ्यात बांधून वाशाला टांगतात. मी डावीकडून टांगायला लागले तर हातावर चापट बसली. "उलटं काय लावतेस? उजवीकडून." मी म्हटलं, फळंच आहेत आजी, वाळणार तर सगळीच. "वाळतील. पण रीत आहे ना काही." पायातल्या सपाता, लोणच्याच्या बरण्या, उतारूंच्या पंच्यांच्या घड्या, सगळं उजवीकडून. मी निमूटपणे दोरी सोडून पुन्हा बांधली.

दुपारी त्या देवीच्या देवळात गेल्या. रोज जातात. सव्वाशे पायऱ्या. एक वाळका ओकोझे मासा घेऊन जातात, ज्याच्याइतका कुरूप मासा समुद्रात नाही. देवीला तो दाखवायचा, म्हणजे आपल्याहून वाईट दिसणारं कुणी आहे म्हणून ती खूश होते. मी म्हटलं, "येता येता शेडमध्ये डोकवा ना, तुमच्या यजमानांनी लावलेल्या पेट्या दाखवते." तर म्हणाल्या, "गुडघे दुखतात माझे. तिथे चढ आहे." शेडला जायला चढ आहे तो वीस पावलांचा. म्हातारपणी माणसं अशीच काहीतरी कारणं काढतात.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

तीन दिवस ती पेटी पुढ्यात घेऊन बसलेय. जागा सुचत नाही. जुनी वही खरी मानली तर कुठेच मारण्यात अर्थ नाही, आणि वही खोटी मानायला माझ्याकडे कारण नाही. 

आज चहा सांडला म्हणून दांडे उचलून पुसले. शिरेत मधे एक पोकळी आहे, सुपारीएवढी. पोकळीत पांढरा गाळ बसलाय, सपाट, पाटावर पीठ सारखं करावं तसा, आणि उरलेल्या जागेत बारीक स्फटिक. पाण्यातला गाळ तो, बसून बसून दगड झालेला. रात्रभर डोळ्यांपुढे तोच. काहीतरी खटकतंय.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

गाळ छताला बसलाय.

सकाळी भाताचं पातेलं धुताना कळलं. तळाशी पेज साचली होती. मी पातेलं उपडं केलं आणि तशीच उभी राहिले. आजी विचारत होत्या काय झालं म्हणून.

गाळ तळाला बसतो, छताला नाही. पेटीप्रमाणे दांड्याची जी बाजू वर म्हणायची, तिकडेच पोकळीच्या छताला गाळ चिकटलाय. असं होऊच शकत नाही. पळत शेडमध्ये गेले. आणखी दोन पोकळ्या सापडल्या, दोन्हींत तेच. पेटीच उलटी वाचली गेलीय. शेवट तो आरंभ आणि आरंभ तो शेवट.

म्हणजे पट्टे खाली बारीक होत नाहीत, खाली जाड होत जातात. हे मूळ नव्हे. हा शेंडा आहे. सोनं सगळं खालीच आहे, कुणी हात न लावलेलं.

शीर पश्चिमेला कलते, हे डोंगरावरच्या उघड्या खडकात दिसतं. तीस मीटर पश्चिमेला सरकून सरळ खाली गेलं, तर दोनशे सोळा मीटरच्या आसपास ती लागायला हवी. खुंटी ठोकून आले. घाईत खुंटी वाकडी बसली.

तोकुजींनी पेटी उलटी भरली असणार. किती मीटर खोल ते लिहिलेल्या चकत्या त्या काळी मधे मधे ठेवत नसत, भरणाऱ्याचाच भरवसा. एक माणूस चुकला आणि तीस वर्षं एक डोंगर झोपून राहिला.

२० ऑक्टोबर, शनिवार

मूर्ख आहे मी. जेवताना आजींना आनंदाने सगळं सांगितलं. तोकुजी-सानांच्या हातून पेटी उलटी लागली, होतं असं, कुणाचाही दोष नाही, अहवालात एक ओळ लिहीन, एवढंच. मला वाटलं, सोनं आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटेल.

त्यांनी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "आमच्या ह्यांचं नाव लिहिणार?" मी म्हटलं, पेटीवर नाव आहेच की. त्या उठून आत गेल्या. मासा तसाच राहिला.

२१ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर एक शब्द नाही. ताट दाराबाहेर ठेवलेलं. लोणचं नाही. पाऊस.

२२ ऑक्टोबर, सोमवार

आज घडलं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला ते स्वप्न वाटेल.

सकाळी न्हाणीची पन्हळ फोडत होत्या. मी टोपली धरली. बऱ्याच वेळाने छिन्नी न थांबवता म्हणाल्या, "त्यांचं नाव लिहू नकोस. ते त्या दिवसांत डोंगरावर नव्हतेच."

"मग कुठे होते?"

"अंथरुणात. तापाने फणफणले होते. मुकादम म्हणाला होता, उद्या आला नाहीस तर दुसरा माणूस ठेवतो. मग मी गेले. त्यांचा कोट, त्यांची टोपी, तोंडाला फडकं. धुक्यात कोण बघतंय. तीन दिवस मी भरल्या पेट्या."

 त्याच पुढे बोलल्या. "बाईने डोंगराच्या पोटातलं काही शिवायचं नसतं. मला काय माहीत नव्हतं? तरी शिवले. त्यांना घरी येऊन सांगितलं. आणि पुढचा बोअर कोरडा गेला. काम बंद. सगळे म्हणाले, देवी कोपली कशावर तरी. कशावर ते आम्हा दोघांनाच ठाऊक."

"ते रागावले तुमच्यावर?"

"कधी एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे जंगलात देवदार तोडायला जायचे. पण त्यानंतर माझ्या हातचा डबा डोंगरावर नेला नाही त्यांनी. नऊ वर्षं. मी रोज भरायचे, ते रोज उंबऱ्यावर ठेवून जायचे. संध्याकाळी येऊन खायचे, गार झालेला. खाली, घरात. वर नाही."

छिन्नी थांबली. रोजचे ते वाळके मासे, सव्वाशे पायऱ्या आणि दुखणारे गुडघे आठवून मला माझीच लाज वाटली.

मी हळूच विचारलं, "पेट्या कशा भरल्यात, आठवतं?"

"कशा म्हणजे? पत्र लिहितात तशा. पेटी उभी धरली, उजवा खण आधी, वरून खाली. भरला की त्याच्या डावीकडचा. दुसरं कसं भरणार?"

इथे पत्र तसंच लिहितात, उभ्या ओळींत, उजवीकडून. आणि शेडमधल्या माणसांनी ती उभी पेटी उचलून फळीवर आडवी टाकली, नेमक्या उलट्या अंगाला, आणि साहेबांनी ती डावीकडून वाचली. बस, एवढंच झालं. चिखलातच काटकीने रेघा ओढून त्यांना दाखवलं. पहिला दगड कुठे गेला, शेवटचा कुठे आला. त्यांनी बोटाने त्या रेघा पुन्हा एकदा गिरवून बघितल्या.

"म्हणजे देवी नाही," त्या म्हणाल्या. "मीच."

मला वाटलं होतं त्यांच्या छातीवरचा दगड उतरेल. मी तो एका बाजूचा काढून दुसऱ्या बाजूला ठेवला. देवीला निदान मासा नेता येतो.

२४ ऑक्टोबर, बुधवार

दोन रात्री अहवालाची तीच ओळ खोडतेय. आज लिहिली: "पेटी क्रमांक तेवीस मांडणाऱ्याने एका निश्चित, नीट रीतीने भरली होती. वाचणाऱ्याने ती रीत विचारली नाही, आणि पोकळीतला गाळही पाहिला नाही. चूक वाचनाची." पुन्हा पुन्हा वाचून बघितली. आजींना बरं वाटावं म्हणून लिहिली का? नाही. खरंच आहे ते. माझ्या आधीचे साहेब आणि साहेबांच्या मागोमाग मी, आम्ही सगळे वाचणारेच चुकलो. मी तर परवा तोकुजींवर ढकलून मोकळी झाले होते.

आजींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग उठून लोणचं आणलं.

"पण तुझा बोअर कोरडा गेला तर?"

"तर मी चुकले."

"तू नाही. तेव्हा मग तीच." डोंगराकडे बघून म्हणाल्या.

६ नोव्हेंबर, मंगळवार

खुंटीच्या जागी ड्रिल उभं केलंय, शेडचे पत्रे तिथवर वाढवून घेतलेत. चौऱ्याण्णव मीटर. करडा ज्वालामुखी खडक, एकसुरी, माझ्या नातेवाइकांच्या गप्पांसारखा. सामेशिमा दिवसभर खाकरत असतात. धुकं दुपारपर्यंत उठत नाही, ड्रिलचा आवाज मात्र दरीभर.

आजींना म्हटलं, या की एकदा शेडमध्ये. "गुडघे," त्या म्हणाल्या. 

१४ नोव्हेंबर, बुधवार

एकशे सत्तर. खडक मऊ, पांढुरका झालाय, बोटाने उकरला जातो. गरम पाणी इथून गेलंय. नळीतून वर येणारं पाणीही कोमट. जिभेवर दांडा टेकवून बघितला, जीभ चिकटली. जिवंत माणसासारखा ऊबदार होता. रात्री स्वप्नात मी पाऊस होते आणि कुठेतरी खाली उतरत होते, घाई नव्हती.

१८ नोव्हेंबर, रविवार

दोनशे सोळा: काही नाही. दोनशे सतरा, अठरा, एकोणीस: काही नाही. सामेशिमा माझ्याकडे बघतही नाहीत, हे त्यांच्या स्वभावाला धरून फार दयाळूपणाचं आहे. कुवाहारासाहेबांचा फोन आला तर आजींना सांगून ठेवलंय, मी न्हाणीत आहे.

१९ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दोनशे वीस. काही नाही.

दहाच्या सुमारास धुक्यातून आजी वर आल्या. पाठीला गाठोडं, हातात काठी. शेडच्या दाराबाहेर, छपराच्या पागोळीच्या रेषेवर थांबल्या. आत एक पाऊल नाही. सामेशिमांनी काल संध्याकाळी त्यांना सांगितलं होतं म्हणे, पोरगी खचलीय, जेवत नाही.

"डबे आणलेत," त्या म्हणाल्या. "इथे ठेवते आणि जाते."

"थांबा जरा," मी म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. एकटीने ते बघायचं बळ नव्हतं बहुतेक.

त्या थांबल्या. पाऊण तास तशाच उभ्या. अकराला नळी वर आली. सामेशिमांनी हातोडीने ठोकून दांडा सोडवला, आणि ठोकता ठोकता थांबले. टोपी काढली.

पांढरं. आणि पांढऱ्यात काळं, बोटभर, दोन बोटं, मग एवढं काळं की पांढरं शोधावं लागत होतं. दोनशे बावीस मीटर. मला सोळा वाटलं होतं, सहाने चुकले, शीर माझ्या अंदाजाहून जरा उभी निघाली. मी खाली चिखलात बसले आणि रडले. सामेशिमा म्हणाले, "उठा बाईसाहेब, दांडे ओले आहेत, लावायला नकोत?"

मी उठले नाही. दाराकडे बघून म्हटलं, "आजी, तुम्ही लावा."

त्यांनी सामेशिमांकडे बघितलं. सामेशिमा ड्रिलकडे बघत राहिले. मग आजींनी काठी दाराला टेकवली, पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले, आणि आत आल्या. एकेक तुकडा उचलला, फडक्याने पुसला, तोंडाला तोंड जुळवून बघितलं. "डावीकडून ना?" मी मान हलवली. पहिला तुकडा डाव्या कोपऱ्यात ठेवला. शेवटचा ठेवून झाल्यावर काळ्या पट्ट्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभ्या राहिल्या. सोनं किती, कसं, काही विचारलं नाही. त्या उभ्या होत्या तिथून दारातून डोंगरच तेवढा दिसत होता.

"म्हणजे ह्यांनी डबा न्यायला हरकत नव्हती," त्या म्हणाल्या.

 सामेशिमांनी हात धुतले, दाराजवळचं गाठोडं आत आणलं, सोडलं. वरचा डबा घेऊन पेटीशेजारीच मांडी घालून बसले. भात, वर उमेचं एक खारवलेलं आंबट लाल फळ, कडेला लोणचं. पहिला घास खाल्ला.

"इने-सान," घास गिळून म्हणाले, "तेव्हाही मला माहीत होतं. दांडे इतके पुसून कुठला बाप्या लावतो?"

आजींनी त्यांच्या डब्यात आणखी लोणचं वाढलं. पेटीच्या कडेला पेन्सिलने नाव लिहायची जागा असते, तिथे मी त्यांचं लिहिलं. मग आम्ही तिघंही जेवलो, वरच, डोंगरावर. भात अजून गरम होता.